एंजिनाचीं ज्ञानेंद्रियें व त्यांची पारख

डोळे, कान, नाक, जीभ व त्वचा हीं मनुष्याचीं पांच ज्ञानेंद्रियें होत, हें आपणांस लहानपणींच शिकविलें जातें. आजच्या मोटारीच्या एंजिनालाहि अशीं ज्ञानेंद्रियें असतात, ही गोष्ट मात्र थोड्यांसच ठाऊक असते. त्यांस सेन्सर म्हणतात. शास्त्रीय पुस्तकांत संवेदक असा शब्द योजतात. एंजिन किती तापलें, त्यांत हवा किती शिरली, दट्ट्या कोठवर आला, धुरांत प्राणवायु किती उरला, ही सारी वार्ता सेन्सर विजेच्या तारेनें एका लहानशा गणकयंत्राकडे पोंचवितात. तें यंत्र त्या वार्तेवरून पेट्रोल किती सोडावयाचें व ठिणगी कोणत्या क्षणीं पाडावयाची हें ठरवितें. या यंत्रास आपण प्रस्तुत लेखांत नियंत्रक म्हणूं. वार्ता खोटी असेल तर नियंत्रकाचा निर्णयहि खोटा होतो आणि धडधाकट एंजिन आजारी असल्यासारखें वागूं लागतें. हे सेन्सर झिजले असतां घरच्या घरीं बदलतां येतात काय, आणि बदलण्यापूर्वीं काय पाहावें, याचें विवेचन येथें करावयाचें आहे.

आलापल्लीसारख्या गांवीं हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. सागाच्या जंगलांत, अहेरी तालुक्यांत वसलेल्या या गांवाहून एक रस्ता आष्टीवरून गडचिरोलीस, दुसरा सिरोंच्यास व तिसरा भामरागडास जातो. जिल्ह्याचें ठिकाण सुमारें शंभर किलोमीटर दूर. उन्हाळ्यांत धूळ, पावसाळ्यांत चिखल व नाल्यांचें पाणी. पर्लकोटा नदीला पूर आला म्हणजे भामरागडची वाट बंद होते, हा अनुभव या भागांतील लोकांनीं अनेक पावसाळ्यांत घेतला आहे. अशा प्रदेशांत ज्याच्या दारीं जीप किंवा पिकअप उभी असते, त्याचें वाहन त्याच्या एकट्याचें राहत नाहीं. रात्रीं बाळंतिणीला अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयांत न्यावयाचें असो, कीं सर्पदंश झालेल्यास तातडीनें पोंचवावयाचें असो, शेजारी त्याच दारीं येतात. तें वाहन एका अंगठ्याएवढ्या सेन्सरामुळें बंद पडलें, आणि नवा म्हणून मागविलेला सेन्सर चार दिवसांनीं येऊन निरुपयोगी ठरला, तर ते चार दिवस कोणास भोवतील हें सांगतां येत नाहीं. म्हणून सेन्सर बदलण्याच्या कलेपेक्षां, तो बदलणें खरोखर अवश्य आहे काय हें ओळखण्याची कला येथें अधिक मोलाची आहे.

पूर्वींच्या गाड्यांस ही विद्या लागत नसे. त्यांच्या पेट्रोल एंजिनांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण कार्ब्युरेटर नांवाच्या साध्या भांड्यांत होत असे. कान देऊन ऐकावें, एक स्क्रू थोडासा फिरवावा, कीं एंजिन ताळ्यावर येई. १९६७ सालीं जर्मनींतील बॉश कंपनीची विजेनें चालणारी पेट्रोल फवारण्याची योजना फोक्सवॅगन १६०० या मोटारींत आली. पुढें १९७६ सालीं व्होल्वो कंपनीनें धुरांतील प्राणवायु मापणारा सेन्सर आपल्या मोटारींत बसविला. आपल्या देशांत धुराविषयींचे नियम टप्प्याटप्प्यानें कडक होत गेले. १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज चार व १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे नियम सर्व देशभर लागू झाले. नवीन वाहनें या नियमांस उतरतात कीं नाहीं याची परीक्षा घेणाऱ्या संस्थांपैकीं एक प्रमुख संस्था आपल्या पुण्यांतच आहे. तिचें नांव ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया असून ती १९६६ सालीं स्थापन झाली. या नियमांचा परिणाम असा झाला कीं, जो सेन्सर पूर्वीं मोठ्या शहरांतील महागड्या मोटारींत असे, तोच आज आलापल्लीच्या बाजारांत उभ्या असलेल्या साध्या मोटारसायकलच्या धुराच्या नळींतहि बसलेला आहे.

शर्यतीच्या धर्तीच्या वेगवान मोटारी, ज्यांस स्पोर्ट्स कार म्हणतात, त्या आपल्या जंगलांतील रस्त्यांवर दिसणें विरळाच. तथापि त्यांच्या मालकांची अडचण आपल्या अडचणीसारखीच असते. गोव्यांत विसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नांवाची दोन आसनांची मोटार तयार होऊं लागली. तिचें अंग फायबरग्लासचें व एंजिन फ्रान्समधील रेनो कंपनीचें होतें. दिलीप छाब्रिया यांनीं २०१२ सालच्या दिल्लींतील मोटार-प्रदर्शनांत मांडलेल्या अवंती या मोटारीसहि रेनोचेंच एंजिन होतें. अशा गाड्या थोड्याच बनतात. त्यामुळें त्यांचे जाणते कारागीर व सुटे भाग जागोजागीं मिळत नाहींत, आणि मालकास पुष्कळदां स्वतःच पाना हातीं धरावा लागतो. त्याला आधार एकच असतो, कीं गाडीचें रूप कितीहि आगळें असलें तरी आंतील सेन्सर त्या एंजिनाच्या जातीचे असतात. गाडीच्या नांवावरून भाग न मिळाल्यास एंजिनाच्या नांवावरून व सेन्सरावर छापलेल्या अंकावरून तो मिळतो. हा नियम जंगलांतल्या पिकअपलाहि तितकाच लागू आहे.

आतां मुख्य सेन्सर कोणते व ते कसे झिजतात हें पाहूं.

पहिला क्रँकशाफ्टचा सेन्सर. क्रँकशाफ्टबरोबर एक दांत्यांचें चाक फिरतें. पुष्कळ एंजिनांत या चाकावर साठ दांत्यांची जागा असून त्यांपैकीं दोन मुद्दाम गाळलेले असतात. चाकाजवळ साधारणतः एक मिलिमीटर अंतरावर लोहचुंबक व तारेचें वेटोळें असलेला सेन्सर बसविलेला असतो. दांता समोरून गेला कीं वेटोळ्यांत विजेची लहर उठते, आणि गाळलेल्या दांत्यांची मोकळी जागा आली कीं दट्ट्या कोठें आहे हें नियंत्रकास कळतें. कांहीं गाड्यांत हेंच काम एडविन हॉल यांनीं १८७९ सालीं शोधलेल्या तत्त्वावर चालणारा सेन्सर करतो. वर्षानुवर्षें तापून व निवून वेटोळ्याची बारीक तार आंतल्या आंत तडकते. गार असतां तिचीं टोकें जुळतात, तापलीं कीं दुरावतात. म्हणून एंजिन तापल्यावर एकाएकीं बंद पडून अर्ध्या तासानें पुन्हां मुकाट्यानें सुरू होत असेल, तर प्रथम या सेन्सराचा संशय घ्यावा.

दुसरा पाण्याच्या उष्णतामानाचा सेन्सर. यांत असा पदार्थ असतो कीं, तो जसजसा तापतो तसतसा विजेच्या प्रवाहास होणारा त्याचा रोध कमी होतो. पुष्कळ गाड्यांत हा रोध २० अंश सेल्सिअसला सुमारें अडीच हजार ओहम, तर ८० अंशांस सुमारें तीनशें ओहम असतो.

तिसरा हवेचा सेन्सर. याच्या दोन जाती आहेत. एक नळींतील हवेचा दाब मापते. दुसरी एक तापलेली तार हवेच्या झोतांत धरून, ती तापती ठेवण्यास किती वीज लागते यावरून हवा मोजते. रस्त्यावरची बारीक धूळ या तारेवर बसली कीं ती हवा कमी सांगूं लागते. ही तार झिजलेली नसून मळलेली असते, आणि तिच्यासाठीं खास मिळणाऱ्या फवाऱ्यानें ती पुष्कळदां स्वच्छ होते. कापडानें अगर ब्रशानें तिला स्पर्शहि करूं नये.

चौथा थ्रॉटलचा सेन्सर. पाय किंवा मूठ किती दाबली हें तो सांगतो. त्याच्या जुन्या जातींत एका काळ्या पट्टीवर एक लहानशी जीभ घासत जाते, आणि झडप मिटलेली असतां सुमारें अर्धा व्होल्ट व पूर्ण उघडली असतां सुमारें साडेचार व्होल्ट दाब दिसतो. ही पट्टी खऱ्या अर्थानें झिजते. वाहनाचा नेहमींचा वेग ज्या ठिकाणीं असतो त्याच ठिकाणीं ती अधिक घासली जाते, व तेथेंच गाडी हिसके देऊं लागते.

पांचवा धुरांतील प्राणवायूचा सेन्सर. हा झिरकोनियम या धातूच्या भस्मापासून केलेल्या चिनी मातीसारख्या पदार्थाचा असतो. तो तीनशें अंशांपलीकडे तापला म्हणजे प्राणवायूचे भारित कण त्यांतून जाऊं शकतात. त्याच्या एका बाजूस धूर व दुसऱ्या बाजूस बाहेरची हवा असते, आणि दोहोंतील प्राणवायूच्या फरकामुळें वीज उत्पन्न होते. पेट्रोल अधिक झालें तर सुमारें ०.९ व्होल्ट, हवा अधिक झाली तर सुमारें ०.१ व्होल्ट. वजनानें एक भाग पेट्रोलास १४.७ भाग हवा हें योग्य प्रमाण होय. निरोगी सेन्सर या दोन टोकांमध्यें सारखा हेलकावे खात असतो. म्हातारा झालेला सेन्सर मंदावतो. जळलेल्या तेलाची राख व कांहीं चिकट सिलिकोन यांनीं त्याचें आयुष्य घटतें.

याशिवाय एंजिनाचा ठोका ऐकणारा एक सेन्सर असतो. दाब दिला असतां वीज उत्पन्न करणाऱ्या स्फटिकाचा तो बनविलेला असतो. हा गुण क्युरी बंधूंनीं १८८० सालीं दाखवून दिला होता.

सेन्सरांची ओळख झाल्यावर मुख्य प्रश्नाकडे वळूं. गाडीच्या समोरच्या फळीवर एंजिनाच्या आकाराचा पिंवळा दिवा लागतो. गाडीला एक लहानसें वाचक-यंत्र जोडलें कीं तें एक संकेतांक दाखवितें. उदाहरणार्थ पी ०३३५ हा क्रँकशाफ्टच्या सेन्सराचा, पी ०१७१ हा पेट्रोल कमी पडत असल्याचा. येथेंच पुष्कळ लोक फसतात. संकेतांकांत ज्या सेन्सराचा संबंध दिसला तोच बिघडला असें ते समजतात व नवा आणवितात. वास्तविक संकेतांक म्हणजे न्यायाधीशाचा निकाल नव्हे. ती केवळ फिर्याद आहे. साक्षीदार खोटें बोलतो, कीं खरी पण अप्रिय गोष्ट सांगतो, याचा तपास व्हावयाचा असतो.

पी ०१७१ चेंच उदाहरण घेऊं. धुरांत प्राणवायु अधिक आहे असें सेन्सर सांगतो. बहुधा तें खरेंच असतें! थ्रॉटलच्या पुढील रबरी नळीला उन्हानें चीर पडलेली असते, तींतून न मोजलेली हवा आंत शिरते, आणि बिचारा सेन्सर तेवढीच बातमी देतो. मालक त्यालाच काढून नवा बसवितो. नवाहि तेंच सांगतो, कारण नळीची चीर तशीच आहे. पैसे गेले, दिवस गेले, आणि प्रामाणिक साक्षीदार विनाकारण बडतर्फ झाला.

म्हणून सेन्सर मागविण्यापूर्वीं पुढील तपास क्रमानें करावा.

प्रथम डोळ्यांनीं पाहावें. सेन्सरपर्यंत गेलेली तार उंदरानें कुरतडली आहे काय? वाहन अनेक दिवस गोठ्याजवळ उभें असल्यास हें नेहमीं घडतें. जोडणीच्या सॉकेटांत पाणी शिरून हिरवट गंज चढला आहे काय? नाल्यांतून गाडी काढल्यावर हें पाहणें विशेष अगत्याचें आहे. रबरी नळ्या वांकवून त्यांना चिरा आहेत काय तें पाहावें.

दुसरें, साध्या बुद्धीनें वार्तेची परीक्षा करावी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीस सकाळीं वाचक-यंत्र जोडावें. त्या वेळीं एंजिनांतील पाणी व आंत येणारी हवा या दोहोंचें उष्णतामान जवळजवळ सारखें, व बाहेरच्या हवेइतकेंच दिसलें पाहिजे. किल्ली फिरविली पण एंजिन सुरू केलें नाहीं, अशा स्थितींत दाबाच्या सेन्सरानें बाहेरच्या हवेचा दाब, म्हणजे सुमारें शंभर किलोपास्कल, दाखविला पाहिजे. मे महिन्यांत, जेव्हां या भागांत पारा पंचेचाळीस अंशांकडे जातो, तेव्हां यंत्रानें पाण्याचें उष्णतामान उणें चाळीस अंश दाखविलें, तर हें हिमालयांतील थंडीचें लक्षण नसून तार तुटल्याचें लक्षण आहे. तार तुटली कीं रोध अपरिमित वाढतो, आणि अत्यंत गारठ्याचा अर्थ नियंत्रकाच्या भाषेंत तोच आहे.

तिसरें, तार कीं सेन्सर याचा निवाडा करावा. पाण्याच्या उष्णतामानाचा सेन्सर दोन तारांचा असेल तर त्याची जोडणी सोडवावी व सॉकेटांतील दोन्ही टोकें बारीक तारेनें एकमेकांस जोडावीं. आंकडा उणें चाळिसावरून एकदम अत्यंत उष्णतेकडे उडाला, तर तारा निर्दोष असून दोष सेन्सराचा आहे; हलला नाहीं, तर दोष तारेंत आहे. ही युक्ति याच सेन्सरापुरती आहे. इतर सेन्सरांवर ती करूं नये.

चौथें, सेन्सर मोजावा. विजेचा मल्टिमीटर थोडक्या पैशांत मिळतो. पाण्याचा सेन्सर काढून एका पातेल्यांत दोऱ्यानें टांगावा, जवळ उष्णतामापक धरावा, आणि पाणी तापवीत प्रत्येक दहा अंशांस रोध लिहून घ्यावा. रोध हळूहळू व अखंड उतरत गेला पाहिजे. मध्येंच उडी घेतली तर सेन्सर खराब. विद्यार्थिमित्रांनो, हा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेंतहि उत्तम करतां येईल, आणि त्याचा आलेख काढल्यास ती रेषा सरळ नसून वक्र असल्याचें तुम्हांस दिसेल. क्रँकशाफ्टचा सेन्सर वेटोळ्याचा असेल तर तो गार असतां व तापला असतां दोन्ही वेळां मोजावा. गार असतां कांहींशें ओहम रोध दाखवून तापल्यावर मल्टिमीटर मार्ग तुटल्याचें दाखवीत असेल, तर अपराधी सांपडला.

एवढा तपास झाल्यावरच नवा भाग मागवावा. जुन्या सेन्सरावरील अंक जसाच्या तसा लिहून द्यावा, कारण दिसण्यांत सारखे असलेले दोन सेन्सर आंतून निराळे असूं शकतात. अतिशय स्वस्त मिळणाऱ्या नकली मालाचा मोह टाळावा.

बसविण्याचें काम धीराचें आहे, पण कठीण नाहीं. एंजिन पूर्ण गार होऊं द्यावें. बॅटरीची ऋण तार सोडून ठेवावी. सॉकेट ओढण्यापूर्वीं त्याची खिटी दाबावी. तार धरून ओढूं नये. सेन्सराभोंवतींची माती अगोदर पुसावी, नाहींतर ती एंजिनांत जाईल. पाण्याचा सेन्सर काढतांना थोडें पाणी सांडतें. तें पुन्हां भरावें व नळ्यांत कोंडलेली हवा काढून टाकावी. रेडिएटरचें झांकण एंजिन गरम असतां कदापि उघडूं नये. धुराच्या नळींतला सेन्सर गंजानें घट्ट बसलेला असतो. त्याच्या आंट्यांवर गंज सोडविणारें तेल घालून रात्रभर मुरूं द्यावें. नवा बसवितांना आंट्यांस उष्णता सोसणारें वंगण लावावें, पण त्याच्या टोंकास त्याचा थेंबहि लागूं देऊं नये. ठोका ऐकणारा सेन्सर ठरलेल्या जोरानेंच आवळावा लागतो, म्हणून त्यास जोर मोजणारा पाना लागतो. तो सैल राहिला किंवा अति आवळला तर बहिरा होतो. क्रँकशाफ्टच्या सेन्सराचें चाकापासूनचें अंतर कमी-जास्त होऊं देऊं नये.

काम संपल्यावर संकेतांक पुसावा, गाडी दहा-वीस किलोमीटर चालवावी व संकेतांक परत येतो काय तें पाहावें. नवा भाग बसला म्हणजे दुरुस्ती झाली असें नव्हे. फिर्याद पुन्हां आली नाहीं म्हणजे दुरुस्ती झाली.

कोठें थांबावें हेंहि जाणलें पाहिजे. आजच्या डिझेल एंजिनांत तेलाचा दाब हवेच्या दाबाच्या हजार पटींहून अधिक असतो. त्या नळींतून निघालेली बारीक धार कातडी भेदून आंत शिरूं शकते. म्हणून त्या दाबाच्या सेन्सरास घरीं हात लावूं नये. ब्रेकचे व अपघातांत फुगणाऱ्या पिशवीचे सेन्सर हेहि जाणत्या कारागिराकडेच सोंपवावे. वाहन हमीच्या मुदतींत असेल तर तें घरीं उघडण्यापूर्वीं हमीच्या अटी वाचाव्या.

कार्ब्युरेटरच्या काळांतील कारागीर कानानें एंजिन ओळखत असत. त्यांची विद्या वायां गेली असें कोणीं समजूं नये. लक्षपूर्वक पाहणें, ऐकणें, एका वेळीं एकच गोष्ट बदलणें आणि परिणाम येईपर्यंत निष्कर्ष न काढणें, हा तिचा गाभा होता, व तोच आजहि कामास येतो. फरक एवढाच, कीं स्क्रूच्या जागीं आतां मल्टिमीटर आला आहे. ज्या गांवाहून वर्कशॉप शंभर किलोमीटर दूर आहे, तेथें अशी पारख असलेला एक तरुण घरोघरीं नसला तरी गांवोगांवीं असावा. पावसाळ्याच्या रात्रीं एकादी जीप सुरू होते कीं नाहीं, यावर कोणाचें तरी पोंचणें अवलंबून असतें. आणि तें पुष्कळदां नव्या सेन्सरावर नव्हे, तर सुटलेली तार ज्याला वेळेवर दिसली त्या मनुष्यावर अवलंबून असतें.